सोळावं पान

शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. घरात माणसं चार: आई, तिच्या कडेवरचा धाकटा भाऊ, मी आणि माझी बहीण सुली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कामाच्या पाळीवर. हे आधी लिहून घ्या, पुढचं सगळं ह्या चारच्या आकड्यावर आहे.

मी हणमंत. आम्ही मूळचे कवठे महांकाळकडचे, जमीन कोरडवाहू, म्हणून अण्णा कोयनेच्या प्रकल्पात कामाला लागले आणि आम्ही कोयनानगरच्या वसाहतीत वाढलो. तिथं जमीन हलायची. पाहुणे घाबरायचे, आम्ही न्हाई. प्रत्येक घरात फळीवर एक पातेलं पालथं आणि त्याच्यावर स्टीलचा पेला ठेवलेला असायचा, पेला वाजला की हातातलं टाकून मैदानात पळायचं. घरात माणूस असेपर्यंत दाराला कडी लावायची न्हाई. आणि मैदानात गेल्यावर घरातल्या एकानं डोकी मोजायची. आमच्या घरातली मोजणी माझ्याकडं होती, कारण मला आकड्यांची लय हौस. आजही मी शिरवळच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, नटबोल्टसुद्धा दोनदा मोजतो. का मोजतो ते सांगतोच.

तर त्या आठवड्यात शाळेत पुस्तकांची फिरती पेटी आली होती. पुस्तकं तीस, वर्गात मुलं एकतीस, त्यामुळं मारामारी. मला मिळालं ते कासवाचं. एक कासव घाटातनं एसटी चालवतं, सोळा पानं, दर पानावर एक थांबा, कुणी चढतं, कुणी उतरतं, आणि पानाखाली लिहिलेलं, मोजा बघू, गाडीत किती? काय सांगू तुम्हाला, तसं पुस्तक मला पुन्हा मिळालं न्हाई. आमच्या घाटात एसटीला दोनदा मागं घ्यायला लागायचं तशी वळणं त्यात होती, चित्रातलं कासव वळणावर मान बाहेर काढून बघायचं, आमचे ड्रायव्हर बघायचे तसंच. मी चौथीत, सुली पहिलीत, तिला अजून जोडाक्षरं येत नव्हती. वाचून दाखव रं दादा, म्हणायची. मी काय केलं? नळावरनं पाणी भरायचं काम माझं, ते तिच्या गळ्यात घातलं. एक तपेली पाणी, एक पान. पंधरा तपेल्या तिनं भरल्या, पंधरा पानं मी वाचली. सोळाव्याला मी भाव वाढवला. म्हटलं शेवटचं हाय, पाच लागतील. ती म्हणाली, आसं कुठं असतंय व्हय? म्हटलं, मग ऱ्हाऊ दे. तिनं मुकाट्यानं चार भरल्या. पाचवीच्या आधी दिवे गेले आणि पेला वाजला.

आम्ही पळालो. मैदान अंधुक, सगळी वसाहत बाहेर, बायका पोरांना हाका मारतायत. शेजारी मुलाणी टेलर राहायचे, त्यांची नूरी सुलीच्याच वयाची. त्या वर्षी मुलाणीचाचांनी एकाच ताग्यातनं दोघींना फ्रॉक शिवले होते, पिवळे, वर लाल ठिपके. मी पळता पळता एका पिवळ्या फ्रॉकचा हात धरला होता. आईनं विचारलं, हणमा, किती? मी मोजलं. आई एक, कडेवरचा दोन, मी तीन, पिवळा फ्रॉक चार. ओरडलो, चार, पुरं! आई खाली बसली, बाळाला पदराखाली घेतलं.

मग मुलाणीचाची आल्या. आवं ताई, आमची नूरी बघितली का? आणि माझ्या हातातली पोरगी म्हणाली, अम्मी, मी हितं हाय.

आकडा बरोबर होता. पोरगी दुसरी होती.

आईनं बाळ माझ्या अंगावर टाकलं आणि ती घराकडं पळाली, तेवढ्यात दुसरा धक्का आला, पहिल्यापेक्षा मोठा, आतनं भांडी कोसळल्याचा आवाज, पत्रे खडखडले. मी बाळाला धरून उभा. सुली, सुली, असं आईचं ओरडणं ऐकू येत होतं आणि त्याला उत्तर येत नव्हतं. मी तेव्हा सेकंद मोजत होतो, दुसरं काही सुचतच नव्हतं. एकशे चाळीसपर्यंत गेलो. एकशे चाळीसला आई सुलीला उचलून बाहेर आली. सुली लोखंडी खाटेखाली मिळाली, पुस्तक छातीशी, डावा हात तेवढा बाहेर, आणि त्या हातावर तांब्याचा हंडा पडलेला. दोन बोटं पुढं कधी सरळ झाली न्हाईत.

अण्णा पाळीवरनं आले. ही आत कशाला गेली, म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, मला काय ठाऊक, पुस्तकाचं येडच हाय तिला. एवढंच बोललो. पाच तपेल्यांचं बोललो न्हाई, फ्रॉकचं बोललो न्हाई. सोमवारी अण्णांनी ते पुस्तक शाळेत नेऊन बाईंपुढं ठेवलं आणि सांगितलं, आमच्या पोरीला पुन्हा गोष्टीचं पुस्तक द्यायचं न्हाई. बाईंनी ते पाळलं. मला मात्र पुस्तकं मिळत गेली. पुढं तिच्या लग्नातसुद्धा कुणी विचारलं की बोटांना काय झालं, तर आमचेच लोक सांगायचे, पुस्तकापायी घालवली खुळीनं. ती हसायची. मी तिथंच उभा असायचो.

आता ती कवठे महांकाळात आहे, घरी शिवणकाम करते, वाकडी बोटं कापडाला टेकवून शिलाई सरळ घालते. परवा मी गेलो तर चार वर्षांची नात पुढ्यात बसवून, मेथी निवडत तिला गोष्ट सांगत होती. कासवाची एसटी. एकेक थांबा, एकेक उतारू, सगळं बरोबर, एक आकडा चुकला न्हाई. मी दारातच थांबलो. पंधरा थांबे झाले. नात म्हणाली, मग? सुली म्हणाली, मग मला ठाऊक न्हाई बाळा, ह्या आजोबाला विचार.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, नातीसमोरच. फ्रॉक, चारचा आकडा, मी अण्णांना काय बोललो ते. सुली मेथी निवडत होती, निवडतच राहिली. जुडी संपली. मला वाटलं, आता ऊठ म्हणणार.

मग म्हणाली, मी पुस्तक वाचवायला गेलेच नव्हते दादा. तू मैदानात मोजत बसशील, तवर चित्र बघून शेवट कळतोय का बघावं म्हटलं. तर उजेडच नव्हता रं. आणि म्हणाली, माझ्या चार भरून झाल्यात, पाचवी ऱ्हायलीय.

मी उठलो. अंगणातल्या टाकीवरनं तपेली भरून आणली, तिच्यापुढं ठेवली आणि सोळावं पान बोललो. पुस्तक लागत न्हाई, त्या शनिवारी दुपारीच मी एकट्यानं वाचलं होतं. सगळे उतरले. कासवानं मोजलं, आकडा बरोबर भरला. तरी कासव वाकलं आणि त्यानं बाकाखाली बघितलं. तिथं बेडकाचं एक पिल्लू झोपलं होतं, मोजणीत न आलेलं. कासव म्हणालं, झोप बाळा, आणि त्याला त्याच्या थांब्यावर सोडायला गाडी मागं वळवली.

नात टाळ्या पिटायला लागली. सुली माझ्याकडं वळली. मग म्हणाली, हे तू तवा वाचलं होतंस व्हय?

व्हय, म्हणालो.

तिनं तपेलीतलं पाणी निम्मं पिलं, निम्मं माझ्याकडं सरकवलं. पी म्हणाली, उन्हातनं आलायस.

तर पंधरा पानं तेव्हा दिली होती, सोळावं परवा दिलं, सुलीला, तिच्या दारात, नातीसमक्ष. बोटांच्या बदल्यात माझ्याकडं द्यायला काही न्हाई. सुली सुखात राहू दे.