दीडशेच्या पुढची कोरी पट्टी

चौतीस नाई साहेब, शहाऐंशी म्हना. कमर शहाऐंशी सेंटिमीटर. म्हना न एकदा — हां, असं. जीभ झडली का? नाई न. हात तसेच आडवे ठेवा, खांदा घेऊ द्या. आता मले सांगा, हा पॅन्टचा कपडा तुमी कसा आनला? सव्वा मीटर. दुकानदाराले सव्वा मीटर सांगतलं, अन् लटारू टेलरच्या पायरीवर पाय ठेवला का लगेच चौतीस इंच! कपडा मीटरचा अन् कमर इंचाची, हे कोन्या देशाची रीत हाय? आपल्याच. वजन विचारलं तं किलोत सांगसान, उंची विचारली का फुटात. मानूस एक अन् मापं दोन. गाडी? राहू द्या तिथीच, खिडकीले टेकली तं टेकली, कोनी नेत नाई इथी.

तुमी धानोऱ्यात नवे, म्हनून ठाव नाई — लोक मले मीटर लटारू म्हनते. म्हनू दे. ग्रामसभेत तीनदा अर्ज देला म्या, का मोहफूल पायलीनं नाई, किलोनं मोजा, घरोघरची पायली वेगळी हाय. तं बुधरीबाई उठली. म्हने, माही पायली माह्या सासूची हाय, तुह्या किलोले सासू हाय का? सारी सभा हासली. मीबी हासलो, पन अर्ज वापस नाई घेतला. दर बाजाराच्या दिवशी कागद घेऊन फिरतो, सह्या मागतो. तुमचीबी पाहिजे, मंग देजा. अन् हे दाराची चौकट पाह्यली? म्या रंगवली. खालून वर, शून्य ते दोनशे, एक-एक सेंटिमीटर. जो आत येते त्याचं माप आपोआप. तुमी एकशे एकोनसत्तर, शिरतानाच पाह्यलं म्या. शाळेतले पोट्टे मधल्या सुट्टीत येते, पाठ लावून उभे राहते, गोंधळ नुसता. लाल रेघ? ते एकशे पंचावन्न. असीच. लाल रंग उरला होता. — हात खाली नका घेऊ, बाही राह्यली.

पुन्हा तिकडंच पाहून राह्यले. बरं, सांगतो. पोरींच्या पोलीस भरतीले तेवढी उंची लागते. माही रीना दोन वर्सं पळाली, रोज पहाटे, आश्रमशाळेच्या मैदानात. तिची माय नाई, मीच घड्याळ धरून उभा राहो. मंग एक दिवस तिले ह्या भिंतीले उभी केली अन् टेपनं मोजली. टेप साठ इंचाचा, अन् त्याच्यावर दीड इंच पोरगी. आता हे टोक पाहा. काय लिवलं हाय? साठ. उलटा करा. दीडशे. म्हनजे साठ इंचाचे दीडशे सेंटिमीटर, इंचाचे अडीच — आमच्या बाजारातले सारे शिंपी हेच धरून चालते, माहा बापबी हेच धरून चालला. वरच्या दीड इंचाचे पावनेचार. एकशे त्रेपन्न अन् पाऊन. म्या सांगतलं, बाई, सव्वा सेंटिमीटर कमी पडते तुले. तिनं दुसऱ्या दिवशी बूट पोत्यात बांधून माळ्यावर टाकले.

आता जवळून पाहा साहेब. चष्मा लावा. दीडशेचा आकडा इथी सरला, अन् त्याच्या पुढं हे काय हाय? कोरी पट्टी. आकडा नाई, रेघ नाई. जवळपास अडीच सेंटिमीटर. साठ इंच त्या पट्टीच्या पार टोकापर्यंत जाते! तीस वर्सं हा टेप माह्या गळ्यात, अन् ते पट्टी कधी डोळ्याले दिसली नाई. ते जोडा आता — एकशे छप्पन. माही पोरगी एकशे छप्पन हाय. इंचानं घात केला माहा, म्हनून सांगत फिरतो लोकाईले, सोडा हे इंच, सोडा हे फूट —

कवा समजलं? दिवाळीले. ... नाई, ह्या नाई. मागच्या.

असे काऊन पाहून राह्यले? सांगनारच होतो मी तिले. तवा भरती कुठी होती? उगाच जखमेवर मीठ. आता? आता हाय. फॉर्म सुरू हाय. आजचीच शेवटची तारीख. अन् मामाकडून तिले सोयरीक आली हाय, पोरगा चांगला हाय, कोरपन्याले सिमेंटच्या कारखान्यात हाय — हात खाली घ्या, दुखले असन.

ते खुंटीवरची खाकी? गिऱ्हाइकाची हाय. पवन नावाचा पोरगा, जिवतीकडचा. छाती ब्यान्नव, बाही साठ. म्हने, काका, कमरेले थोडी ढिली ठेवा, घरी जाऊन आलो का पोट सुटते. जंगलात गस्तीवर गेला, वर्दी न्यायले जित्ता वापस आला नाई. त्याचे दोस्त आले, त्यायनंबी नाई नेली. तीन पावसाळे झाले. हे साऱ्या पोराईच्या वर्द्या मीच शिवतो साहेब, एकेकाची छाती मले तोंडपाठ हाय. भेव वाटला. झालं समाधान? इंचाचा काई दोष नाई, मले भेव वाटला. टेप उलटा केला अन् ते पट्टी दिसली, तवा मनात पहिली गोष्ट काय आली ठाव हाय? का हे कोनाले दिसू नये. बाप असून असं वाटलं मले.

मंग चौकट काऊन रंगवली? मले काय ठाव! ब्रश हातात घेतला, लाल रेघ मारून झाली तवा ध्यानात आलं, हे आपुन काय करून बसलो. पुसावं म्हटलं तं हात उठला नाई. तवापासून रीनाले सांगून ठेवलं, डब्बा खिडकीतून देत जाय, दारात गर्दी असते. गर्दी! दिवसाले चार गिऱ्हाईक येते माह्या दुकानात. अन् ते पोरगी गुमान खिडकीतून डब्बा देते —

कोन हाय?

रीना. दारातून काऊन आली वं? खिडकीले गाडी... हो, ह्या साहेबाची हाय. ठेव डब्बा. ठेव अन् जाय लवकर. चौकटीले नको टेकू, रंग ओला हाय. — ओलाच हाय म्हनतो न! सरक तिथून. ... रीना. डोक्यावरचा हात काढ, बाई. वाचू नको तो आकडा. मी आज सांगनारच होतो, ह्या साहेबाले विचार...

साहेब, तुमी निंगा. माप झालं तुमचं. गाडी काढा अन् निंगा.