रस्त्याकडे तोंड केलेलं घर

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा अन् मला एवढंच सांगा — माणूस घर बांधतो ते कोणासाठी? आत राहणाऱ्यांसाठी? बघा, सगळ्यांच्या माना डोलल्या! पेटीवाल्यांची तर सर्वांत आधी! मग ऐका.

वऱ्हाडातलं तालुक्याचं गाव. तिथले विश्वंभरराव ढोमणे, कापडाचे व्यापारी. नवं घर बांधायला काढलं. जागा ऐसपैस, रस्ता पश्चिमेला. इंजिनिअर म्हणाला, "साहेब, घराची अरुंद बाजू पश्चिमेला ठेवू, लांब बाजू उत्तर-दक्षिण. दक्षिणेचं ऊन डोक्यावरचं, छज्ज्यानं अडतं. पण पश्चिमेचं कलतं ऊन छज्ज्याखालून थेट आत घुसतं!"

"अन् लोकायले घर दिसन कसं?" विश्वंभरराव म्हणाले. "आमच्या गुणवंतदादासारखं रुसलेलं घर नाही पाहिजे मले!"

गुणवंतदादा त्यांचा चुलतभाऊ, शेजारीच घर. त्यानं रस्त्याकडे कोरी अरुंद भिंत केलेली. 'रुसलेलं घर' हे विश्वंभररावांनी चारचौघांत म्हटलं, अन् दोघांचं बोलणं तुटलं.

झालं! घर पश्चिमेला रुंद पसरलं, वरपासून खालपर्यंत काच! न उघडणारी! रस्त्यानं जाणारा थबकायचा, अन् विश्वंभररावांचा ऊर भरून यायचा. खोटं कशाला बोला, आपलाही आला असता!

वैशाखात लेक प्रणिता बाळंतपणाला आली. मुलगी झाली. लाडाच्या लेकीला कोणती खोली द्यावी? घरातली सगळ्यात देखणी — रस्त्याकडची, काचेची!

एसी होता, म्हणून निभत होतं. एका दुपारी वीज गेली. सूर्य कलला अन् ऊन पलंगापर्यंत आलं. जाड पडदे ओढले — पण मंडळी, काचेतून आत आलेलं ऊन पडद्याचं ऐकतं का हो? पडदाच तापला! भिंतीला हात लावावा तर चटका!

"बाबा," प्रणिता म्हणाली, "हे दूधच नाही घेत जी. रडतही नाही!"

विश्वंभररावांनी नातीच्या पाठीला हात लावला. अंग तापलेलं, मान लुळी. डॉक्टरांना फोन लावला. "आधी तिला गारव्यात न्या! अंगावरचे कपडे काढा! मी निघालोच!"

गारव्यात — पण कुठं? मागच्या खोलीत गेले, तिथं स्लॅब आग ओकत होता. स्वयंपाकघरात गेले, तिथंही तेच. सारं घर दिवसभर ऊन पीत बसलेलं! अन् आठवली ती शेजारची कोरी भिंत, गुणवंतदादाची.

पाय उचलेना हो! ज्या दाराला नावं ठेवली, त्या दारात जायचं? तेवढ्यात नातीनं जांभईसारखं तोंड उघडलं अन् आवाजच आला नाही. तिला उराशी धरून विश्वंभरराव अनवाणी धावले! मागून प्रणिता, भिंत धरत.

दार गुणवंतदादानंच उघडलं.

"दादा, मी तुह्या घराले..."

"आत ये आधी!"

उत्तरेची खोली. उघडी खिडकी. बाहेर निंबाची सावली, आत फरशी गार. दादाच्या बायकोनं, यमुनावहिनीनं, पोरीला उघडी केली, ओल्या फडक्यानं हळूहळू पुसू लागली. विश्वंभररावांची नजर त्या एवढ्याशा छातीवर — हलते की नाही? हलते की नाही? पांडुरंगा, माझी काच फोड, माझं घर पाड, पण ही छाती हलू दे रे!

डॉक्टर आले. तपासलं. आईच्या पदराखाली दिलं. अन् पोरगी — चुटूचुटू प्यायला लागली!

विश्वंभरराव मोठ्यानं रडले. म्हणाले, "दादा, मी तुह्या घराले हसलो रे!"

दादा म्हणाला, "हळू. पोरगी झोपते आहे."

आता तुम्ही बोला! तुमच्यात कोणी घर काढतोय का? लाजू नका, त्या खांबाजवळ बसलेत, मला ठाऊक आहे! आखणीचा चुना टाकण्याआधी कलत्या उन्हात त्या जागेवर उभे राहा. रस्त्याकडे बघू नका. घरातल्या सगळ्यात लहान लेकराचं नाव घ्या, अन् मग ठरवा घराचं तोंड कुठं. हरीचं नाव त्या दिवशी नंतर घेतलंत तरी तो रागवायचा नाही.