फेकून मारलेली छडी

देवाशप्पथ, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे डोळे तेव्हा भीतीनं मिटलेलेच होते, कारण छडी खायची पुढची पाळी माझी होती, पण पाहिलंय.

आमच्या गावच्या शाळेत महारवाड्यातला शिवा बाहेर, पायरीखाली बसायचा. पाढा चुकला की मास्तर आमच्या हातावर छडी द्यायचे. शिवाला मात्र विटाळ नको म्हणून लांबूनच फेकून मारायचे. एकदा ती त्याच्या भुवईला लागली. दुसऱ्या दिवशी पाढे चालू असतानाच त्याचा बाप आला. बेळगावला कॅम्पात, घोड्यांच्या पागेत कामाला होता तो. अंगणातच हात जोडून उभा राहिला.

"मास्तर, पोराला हाणू नका, असं म्हणत न्हाय मी."

"मग काय म्हणतोस?"

"जवळ येऊन हाणा. फेकून कुत्र्याला मारत्यात. कॅम्पातला गोरा सायब लई वंगाळ, पर त्योबी मला हातानं हाणतोय."

मास्तर छडी ठेवून पायरी उतरले आणि त्यांनी हळूच शिवाचा कान धरला.

आता खरं सांगतो. बाप आला, बोलला, ते सगळं घडलं. मास्तर पायरी उतरले, तेवढं माझ्या पदरचं.