विम्याचं मेडिकल आणि चुन्याची डबी

विम्याच्या डॉक्टरला फसवायचं असेल, तर आमच्या वालूरच्या काकांना विचारू नका.

तंबाखू खातो म्हटलं की हप्ता वाढतो, म्हणून सेलूला दवाखान्याबाहेरच त्यांनी खळखळून चूळ भरली. मी सोबत होतो.

आत डॉक्टरनं विचारलं, "तंबाखू?"

"न्हाई बा. वासबी सहन व्हत न्हाई."

डॉक्टरनं बीपी तपासलं. मग निवांत स्वतःची पुडी काढून तळहातावर तंबाखू घेतली, खिसे चाचपले अन् म्हणाला, "च्यायला, चुनाच संपला की."

काकांचा हात आपोआप खिशात गेला. चुन्याची डबी टेबलावर आली.

डॉक्टरनं सावकाश मळून चिमूट ओठाखाली धरली. "बरं, दारू?"

काका म्हणाले, "आता काय संपलंय तुमचं, ते आदी सांगा."