पोकळ क्रूस आणि मुकादमबाई

दाजी : हा क्रूस हलका आहे.

सुतार : हलका नाही, दाजी. तुमचे दंड वाढलेत. बेकरीत रोज एवढं पीठ मळता, कुठेतरी दिसणारच.

दाजी : पीठ मी तुझ्या बहिणीशी लग्न व्हायच्या आधीपासून मळतोय. दंड काय आज सकाळी वाढले?

सुतार : काही गोष्टी उशिरा येतात. अक्कलदाढेचं उदाहरण घ्या.

दाजी : एका हातानं टोक उचललं मी. दुसऱ्या हातात तुझा चहाचा कप होता. चहा हिंदकळलासुद्धा नाही. उद्या चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर मी प्रभू येशू होऊन हा खांद्यावर घेणार आणि याच्या भारानं पडणार. याच्याखाली पडायचं कसं? हा मलाच हात धरून उठवेल.

सुतार : पडल्याचा अभिनय करा. नाटकच आहे ते.

दाजी : ऐक. टक, टक. हा लाकडाचा आवाज आहे?

सुतार : लाकडाचाच. फक्त आत कोणी आहे का विचारल्यासारखा.

दाजी : पोकळ आहे हा.

सुतार : पोकळ हा फार कडक शब्द झाला. आम्ही हवेशीर म्हणतो.

दाजी : मेहुण्या.

सुतार : बरं, पोकळ आहे. आत पट्ट्यांचा सांगाडा, वरून प्लायवूड. कपाटाची दारं करतो तसाच. खरं सांगायचं तर हे कपाटच आहे, फक्त त्यात काही ठेवता येत नाही. खालचं टोक तेवढं उघडं ठेवलंय, उद्या अंगणातल्या लोखंडी पाइपावर बसवायला.

दाजी : मी तुला ती कोपऱ्यातली तुळई दाखवली होती. शाळेचं जुनं छप्पर उतरवलं तेव्हाची. म्हणालो होतो, हिचाच कर. तू हो म्हणालास.

सुतार : हो म्हणालो. हो म्हणणं आणि करणं ही आमच्या धंद्यात दोन वेगळी कामं आहेत. कुणालाही विचारा, ज्यानं सुताराकडे पलंग करायला टाकलाय.

दाजी : कोणी सांगितलं पोकळ करायला? फादरनी?

सुतार : फादर काही म्हणाले नाहीत. म्हणजे म्हणाले, पण वेगळंच. मागच्या रविवारी इथे आले, तुमची तुळई हात लावून बघितली, मग स्टुलावर बसले. म्हणाले, तुझ्या दाजींना वाटतं देवाला दुखणं आवडतं. देवाला प्रेम आवडतं रे. दुखणं हा त्या प्रेमाचा खोका आहे. पार्सल आलं की खोका फोडावा लागतो, पण कोणी खोक्याची पूजा करत नाही. तुझे दाजी रिकामा खोका डोक्यावर घेऊन नाचतायत.

दाजी : असं म्हणाले?

सुतार : नाचतायत हे माझं. बाकी त्यांचं.

दाजी : मग सांगितलं कोणी?

सुतार : तुमच्या पाठीला पट्टा कोणी बांधला? तुमच्या गादीखाली फळी कोणी घातली? ती फळीही मीच रंधून दिली म्हणा. मणका सरकलेल्या माणसानं तुळई उचलली तर पुढच्या वर्षी मला क्रूस नाही, चाकांची खुर्ची करावी लागेल, असं ताई म्हणाली. मी म्हटलं, खुर्चीला नफा जास्त आहे. मग तिनं मला मारलं.

दाजी : हिला कळत नाही.

सुतार : काय?

दाजी : जाऊ दे.

सुतार : दाजी, उद्या नाटक आहे. आत्ता जाऊ दिलंत तर संध्याकाळी येऊन परत टकटक कराल. सांगून टाका.

दाजी : मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. आठवतं?

सुतार : माझी बहीण आहे ती. आठवतं.

दाजी : मी बाहेर बाकावर बसलो होतो. हातात थर्मास. आतून तिचा कण्हण्याचा आवाज यायचा आणि मी काय करत होतो, तर थर्मासचं झाकण उघडत होतो नि लावत होतो. मी देवाला म्हटलं, अर्धं मला दे. अर्धं नाही तर पाव दे. काही दिलं नाही. उलट माझी एक दाढ कित्येक दिवस ठणकत होती, ती त्या बाकावर थांबली. मी एवढा ठणठणीत आयुष्यात कधी नव्हतो. लाज वाटत होती मला.

सुतार : दाढ थांबल्याची?

दाजी : तिचं सगळं तिनं एकटीनं सोसलं. मला कुणी हात लावू दिला नाही. तेव्हाच ठरवलं, फादरनी भूमिका दिली तर खराखुरा जड क्रूस घेईन. खांदा सोलला तरी चालेल. एकदा तरी दुखू दे. आणि तू मला कपाटाचं दार दिलंस.

सुतार : मला हे माहीत नव्हतं.

दाजी : आता कळलं. तर ती तुळई घे, आडवं लाकूड ठोक, आणि ताईला सांगू नकोस.

सुतार : ताईला न सांगता मी आजवर एकच गोष्ट केली, ती म्हणजे जन्माला आलो. तेव्हाही तिलाच आधी कळलं म्हणतात. थांबा. हा आवाज कसला?

दाजी : कसला?

सुतार : क्रूसातून.

दाजी : विषय बदलू नकोस.

सुतार : दाजी, क्रूस म्याव म्हणाला.

दाजी : काहीतरीच.

सुतार : परत म्हणाला. बारीक आवाजात. आज सकाळपासून मुकादमबाई दिसली नाही मला.

दाजी : कोण मुकादमबाई?

सुतार : आमची मांजर. दिवसभर फळ्यांच्या थप्पीवर बसते, काम कुणाचं चाललंय बघते आणि स्वतः काही करत नाही. म्हणून मुकादमबाई. पोट बरंच खाली आलं होतं तिचं. मी तिला टोपली ठेवली, गोणपाट ठेवलं, जुनं कपाट मोकळं करून दिलं. तिनं सगळ्यांचा वास घेतला आणि एकही पसंत केलं नाही.

दाजी : आणि आता?

सुतार : सरका. मोबाइल पट्टीला बांधून आत सरकवतो, फोटो काढतो. बॅटरीचा उजेड... हं. डावीकडच्या आडव्या हातात गेलीय, कोपऱ्यात. दोन मोठे डोळे. खूप राग आलाय. खाली तीन पिल्लं. चार. नाही, चौथं शेपूट आहे.

दाजी : पण मी मघाशी हा उचलला होता.

सुतार : हो. म्हणून तुम्हाला तेवढा तरी जड लागला.

दाजी : काढ त्यांना.

सुतार : तुम्ही काढा. माझे हात पोटापाण्याला लागतात. बाळंतिणीला आज हलवलं तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेईल, आणि ते थेट माझ्या अंथरुणात आणून ठेवील, माझा अनुभव आहे. मी फादरना फोन करतो. हॅलो, फादर? मी सुतार. क्रूस तयार आहे, पण रिकामा नाही. हो. मांजर. नाही, वर नाही, आत. तीन. हो, दाजी इथेच आहेत. बरं. बरं. सांगतो.

दाजी : काय म्हणाले?

सुतार : आधी बराच वेळ हसले. मग म्हणाले, क्रूसावर आजवर मरणच ऐकलं होतं, बाळंतपण पहिल्यांदाच. तिला हात लावू नका, आणि उद्याचं काय करायचं ते तुम्ही घरच्या माणसांनी ठरवा.

दाजी : ठरलं की. आता तुळईच उरली. बघितलंस? देवानंच तुझा पोकळ क्रूस भरून टाकला.

सुतार : देवानं मांजर पाठवून तुमचा मणका मोडायची व्यवस्था केली, असं म्हणायचंय तुम्हाला?

ताई : कुणाचा मणका?

सुतार : ये, ताई. आम्ही तुझीच आठवण काढत नव्हतो.

ताई : डबा विसरून आलात घरी. हा घ्या. आणि तुळईवरचं गोणपाट कोणी काढलं?

दाजी : मांजर बाळंत झाली.

ताई : तुळईवर?

सुतार : क्रूसात. हा फोटो बघ. हे शेपूट आहे, मोजू नकोस.

ताई : अगं बाई. किती लहान आहेत. डोळेही उघडले नाहीत. आणि ही कशी बघतेय, मी दवाखान्यात नर्सकडे बघायची तशी. राहू दे तिला तिथेच.

दाजी : मीही तेच म्हणतोय. म्हणून मी तुळई घेतो.

ताई : घ्या की.

दाजी : घेऊ?

ताई : घ्या. उचला बघू.

सुतार : ताई, त्यांच्या पाठीचं...

ताई : तू थांब. अहो, तुम्ही बाकावर बसून देवाला काय म्हणालात ते मला ठाऊक आहे. इतक्या मोठ्यानं म्हणत होतात की शेजारच्या खाटेवरच्या आजी मला म्हणाल्या, तुमचे यजमान कुणाशी भांडतायत का.

दाजी : ऐकू येत होतं?

ताई : सगळं. पाव मागितलात तेही. मला हसू आलं, बेकरीवाला देवाकडेही पावच मागतो म्हणून. टाक्यांमुळे हसता येईना. मग तुम्ही आत आलात, थर्मासचं झाकण घट्ट बसलं होतं, ते तुम्ही दातानं ओढलंत आणि सगळा चहा नर्सच्या चपलांवर. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी घरी जाणार.

दाजी : मी काहीच केलं नाही तेव्हा.

ताई : बसला होतात ना. मला तेवढंच हवं होतं. माझं दुखणं तुम्ही अर्धं घेतलं असतं तर घरात दोन आजारी माणसं झाली असती, आणि चहा सांडायला कोणी उरलं नसतं.

सुतार : हे बरोबर आहे.

ताई : तुला थांब म्हटलं. आणि आता वर्षभर काय चाललंय? मला भाजीची पिशवी उचलू देत नाही. खुर्ची सरकवू देत नाही. परवा मी उशी उचलली तर हे पिठाच्या हातांनी धावत आले. उशी धुवावी लागली, तीही यांनीच धुतली. डॉक्टर कधीच म्हणाले, हिला सगळं करू द्या. ते यांच्या कानात शिरतच नाही. तुमचा त्याग जड आहे हो. तुम्हाला नाही, मला.

दाजी : मला वाटलं, तुला बरं वाटेल.

ताई : मला बरं वाटतं. मी बरी झालेय. तेच तर तुम्ही बघत नाही. आणि एक विचारते. प्रभूनं क्रूस एकट्यानं नेला?

दाजी : वाटेत शिपायांनी एका माणसाला धरलं. शेतातून येत होता तो. त्याच्या खांद्यावर दिला.

ताई : उद्याच्या नाटकात कोण आहे तो माणूस?

सुतार : कवायतीचे सर होते. दाजींनी फादरना सांगून ती भूमिकाच काढायला लावली. सरांनी त्यासाठी दाढी वाढवली होती. भूमिका गेली, दाढी राहिली, आणि मुलं कवायतीत त्यांच्याकडे बघून पावलं चुकतात.

ताई : म्हणजे ज्याला कुणाचीही गरज नव्हती, त्यानं मदत घेतली. आणि तुम्हाला चालत नाही. तुम्ही त्याच्यापेक्षा पुढे निघालात.

दाजी : असं मी कधी बघितलं नव्हतं.

ताई : तुळई पाठीवर घेतलीत की मान खालीच राहणार, दिसणार काय? तो माणूस मी होणार.

दाजी : तू?

ताई : मी. तुळई असू दे, खरी असू दे, जड असू दे. पण दुसरं टोक माझं.

दाजी : लोक काय म्हणतील? तो पुरुष होता.

ताई : दाढी लावीन.

सुतार : दाढी माझ्याकडे आहे. रंधा मारताना कुरळी सालपटं निघतात ना, त्यांची. सागाची देऊ की शिसमाची? शिसमाची भारदस्त दिसेल, पण तुझ्या रंगाला साग जास्त खुलेल.

ताई : सागाची दे.

सुतार : एकच अट. कुणी मेणबत्ती जवळ आणायची नाही.

दाजी : आणि माझी पाठ?

ताई : डॉक्टर म्हणाले होते, एकट्यानं काही उचलायचं नाही. तो ‘एकट्यानं’ शब्द मी ऐकला, तुम्ही नाही. हाही मधोमध खांदा देईल.

सुतार : मी? माझी तर भूमिकाच नाही.

ताई : तू शिपाई हो. शिपाई बळजबरीनं मदत करायला लावतात. तू स्वतःवरच बळजबरी कर.

सुतार : हे जमेल. रोज सकाळी उठताना करतो.

दाजी : प्रभूच्या मागे दाढीवाली बायको आणि क्रूस उचलणारा शिपाई. फादर काय म्हणतील?

सुतार : घरच्या माणसांनी ठरवा म्हणाले होते. ठरलं. कवायतीच्या सरांना तेवढं सांगून येतो, आता दाढी काढायला हरकत नाही.

ताई : नंतर सांग. आधी उचलून बघू. अहो, गुडघे वाकवा. पाठ नाही, गुडघे. तुम्ही पुढे, मी मागे. हळू.

(तिघे तुळई उचलतात. क्रूसाच्या उघड्या टोकातून मुकादमबाई डोकं बाहेर काढते, तिघांकडे बघते आणि परत आत जाते.)

सुतार : पास झालो आपण.

दाजी : मागे जड लागतंय?

ताई : लागतंय की.

दाजी : ठेवायची खाली?

ताई : नको. आत्ता कुठे माझ्या हातात आलीय.