शिस्तीचं आवतन

...हासू नका हो, हासू नका! तुमी आमच्या गावचे नाई म्हनून हासू येऊन राह्यलं तुमाले. सबन गाव चुली इझवून बसलं होतं त्या एका निबंधापायी, आन् वरून लोक मलेच पुसतात, सहदेव, तू त इंद्रभानचा लंगोटीयार, शेजारी बी, तुले कसं समजलं नाई? काय समजाचं हो? तिन्हीसांजेले मानूस आपल्या दारात येते, पायतन काढत नाई, बसत नाई, उभ्या उभ्या तोंडानं काईतरी म्हनते... त आमी काय पुसावं त्याले? आमच्याकडे एकच पुसतात. चुलीले का मानसाले?

तुमाले ठाऊक नसन, म्हनून सांगतो. आमच्या नांदुऱ्याकडच्या खेड्यायमंदी कोनाघरी जेवन असलं की आदल्या सांजेले दारोदार आवतन फिरते. मानसाले असलं त घरातून एकानं जेवाले जाचं. चुलीले असलं त पाळन्यातल्या लेकरापासून काठी टेकनाऱ्या बुढ्यापर्यंत सारं घर, आन् त्या घरची चूल त्या दिवशी बंद. म्हनून बाया पहिले तेच पुसतात, लगन कोनाचं आन् बारसं कोनाचं ते मंग! आन् हे आवतन द्याचं काम गावात एकाच मानसाचं, आमच्या इंद्रभानचं. काय डोकं त्याचं, वा! कोनत्या घरात भाऊ-भाऊ वेगळे झाले, कोनाची चूल परसात गेली, कोनत्या घरी सासूले वेगळं आन् सुनेले वेगळं सांगा लागते, सारं रांगेनं पाठ. इकडे एक घर सुटलं त पिढ्यायची बोलचाल बंद होते, पन इंद्रभानच्या हातून कधी झोपडं बी सुटलं नाई.

आन् ह्याच मानसाले निबंध पाठ होये ना! आता बोला!

मॅट्रिकले दोनदा बसला, दोन्ही खेपेस मराठीत गेला. गनितात कसाबसा तरून जाये गडी, आन् निबंधात येऊन बुडे. पहिलं वाक्य लिहे, दुसरं अर्धं आठवे, तिसऱ्याले टाक चावत बसे. आता नापास झाला त झाला, आमच्यात कोन मोठे बॅलिस्टर होऊन बसले होते? पन त्याचं लगन झालं होतं ना भाऊ! सासरे किसनराव, पिंपळगाव राजाचे, मोठे जमीनवाले. सोयरीक ठरली तव्हा त्यायले सांगतलं होतं, पोट्टा मॅट्रिक होऊन राह्यला. आन् पोट्टा दोन वर्सापासून होऊनच राह्यला! दिवाळीले कोकिळा माहेरी गेली, ते किसनरावायनं तथीच ठेवून घेतली. इंद्रभान बैलायची दमनी जुपून आनाले गेला. सासऱ्यानं पोटभर जेवू घातलं, हातावर पानी घातलं, आन् मंग हळूच सांगतलं की जावईबापू, पहिले पास व्हा, मंग पोरगी न्या.

रिकामी दमनी घेऊन वापस आला बिचारा. माह्या दारापुढे बैल उभे केले आन् ढसाढसा रडला. मी बैलायले पानी पाजत बसलो. चार महिने नांदली होती ते पोरगी, पन त्याचा जीव जडला होता तिच्यावर. म्हने, सहदेवभाऊ, ह्या खेपेस निबंध पाठ झाला नाई त माहा संसारच नापास झाला.

मंग काय, सारं गाव भिडलं ना त्याले निबंध पाठ करून द्याले! ज्यायनं जन्मात शाळेचं तोंड पाह्यलं नाई ते सर्वात पुढे. कोनी म्हने विहिरीत कमरेइतक्या पान्यात उभं राहून वाच. वाचलं त्यानं. निबंध घुसला का नाई मालूम नाई, सर्दी घुसली, आन् जे काई आत गेलं होतं ते शिंका-शिंकायनं भायेर आलं. मनकर्नाबाई म्हने, मले शंभर ओव्या येतात, काऊन येतात? जात्यावर बसून म्हनते म्हनून. ये, बस. बसवला त्याले जात्यावर! पहाटे ह्या दोघायचं चालू, खुंटा फिरून राह्यला आन् इंद्रभान ओवीच्या चालीवर गाऊन राह्यला, 'विद्यार्थी जीवनामंदी ग बाई, शिस्तीचं महत्त्व थोर...' पाठ झालं, खरंच झालं! पन हात फिरल्याबिगर आठवे ना. चाचणी परीक्षेत बाकावर गरगर हात फिरवाले लागला, आन् दौत उपडी झाली पेपरावर.

मंग आला कडूबा. गुरं चारते आमच्या गावची. म्हने, मी गुरायचा हिशोब दोरीच्या गाठीवर ठेवतो, तू वाक्यायच्या गाठी मार. एका वाक्याले एक गाठ. इंद्रभाननं चांगली लांब दोरी घेतली, आन् गाठ चाचपे, वाक्य म्हने, गाठ चाचपे, वाक्य म्हने. झकास चाललं होतं. एका सकाळी पाहते त दोरी गायब! त्याची माय जनकाबाई, तिले काय मालूम? तिनं गाठी सोडून दोरी वासराले बांधली. सारा निबंध वासराच्या गळ्यात! आन् वासरू हंबरून राह्यलं, इंद्रभान त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यला, का आता तरी पुढचं वाक्य सांगते का.

तव्हा शंकरराव मास्तर बोलले. लय कमी बोले तो मानूस, पन त्या दिवशी बोलला. म्हने, इंद्रभान, तुह्या ध्यानात सारी घरं रांगेनं राहतात ना? मंग वाक्यायले दारं दे. वेशीपासचं पहिलं दार ते पहिलं वाक्य, त्याच्या पुढचं दार ते दुसरं. पेपरात बसला की मनातल्या मनात गावातून फिर, आन् दारोदार एकेक वाक्य उचल. यंदा चीनच्या लढाईपायी जिकडेतिकडे शिस्त-शिस्तच होऊन राह्यलं, निबंध त्याच्यावरच येईन, हाच धरून ठेव.

तुमाले सांगतो, जादू झाली! घराच्या मातीच्या धाब्यावर चढून बसे, एकेका दाराकडे बोट करे आन् वाक्य म्हने. मनकर्नाबाईचं दार, 'शिस्त हा जीवनाचा भक्कम पाया आहे.' कडूबाचं दार, 'शिस्तीशिवाय समाज टिकत नाही.' माह्या दारावर शेवटचं होतं, 'म्हणून प्रत्येक नागरिकाने शिस्त अंगी बाणवावी.' चार दिवसात निबंध मुखोद्गत. आनंदानं नाचला पोट्टा. मास्तर म्हने, आता पेपराच्या आदल्या सांजेले एक फेरी खरीखुरी मार, दारात उभा राह्य, वाक्य म्हन, आन् पुढे चल. पन एक ध्यानात ठेव, मधात दुसरा शब्द बोलाचा नाई, नाईत माळ तुटन.

आता मालूम हे मास्तरले आन् त्याले. गावाले कोनं सांगतलं?

निघाला इंद्रभान. डोक्श्याले रुमाल, हाती काठी, आवतनाले निघे तसाच. पहिले मनकर्नाबाईच्या दारात, 'शिस्त हा जीवनाचा भक्कम पाया आहे.' बाई भाकरी थापून राह्यली होती. तिले वाटलं, शिकेल पोट्टा हाय, छापील आवतन देऊन राह्यला. तिनं पुसलं, चुलीले का मानसाले? आन् ह्या बहाद्दराले त बोलाचं नव्हतं ना! माळ तुटली असती. त्यानं डोळे मिटले आन् जोरात मान हालवली. हाव म्हनजे चुलीलेच! पुढे कडूबाचं दार, तथी बी तेच. अख्खी आळी, तेच. कोनी पुसलं, कारन काय रे? त हा गडी डोळे मिटून पुढच्या दारात. माह्याकडे आला तव्हा त मी आंघोळीले बसेल. आमच्या मंडळीनं आतूनच सवाल टाकला, आन् मले येऊन सांगतलं, उद्या चूल बंद, इंद्रभानकडे जेवन हाय. आता सांगा, आमची काय चूक?

दुसऱ्या दिवशी पहाटच्या यष्टीनं इंद्रभान गेला खामगावले पेपराले. आन् इकडे दिवस वर येतो न येतो त जनकाबाईच्या अंगनात बाया हजर! कोनी परात आनली, कोनी इळा, आन् म्हनतात, सांगा जनकाबाई, काय काय कराचं? बुढी म्हने, कायचं? बाया म्हने, जेवन हाय ना, इंद्रभान आवतन देऊन गेला, चुलीले.

 नाई म्हनू शकत होती बुढी. पन तिनं विचार केला, आज हे पंगत उपाशी धाडली, त माह्या लेकाचं आवतन पुन्हा गावात कोन घेईन? पदर खोचला आन् कोठीतले गहू काढले. मंग आमी काय उभे राहू का? कोनी वांगे आनले, कोनी तुरीची डाळ, कडूबानं गोवऱ्याची गाडी रिकामी केली आन् रोडगे लावले शेकाले. जो तो पुसून राह्यला, जेवन कायचं हाय? कोनालेच मालूम नाई, आन् रोडगे मात्र फुलून राह्यले.

कडूबाले दुपारी काम होतं पिंपळगाव राजाले. तथी किसनराव भेटले. हा सहज बोलून गेला, तुमच्या जावयानं गावाले आवतन देलं, चुलीले. कारन? कारन मालूम नाई, म्हने. झालं! बायको माहेरी आन् घरी गावजेवन! किसनरावायनं विचार केला, ह्याले कारन एकच, पोट्टा दुसरी करून राह्यला. तोंडचं पानी पळालं हो त्यायच्या. कोकिळेले म्हने, ऊठ, हाय तशी बस. आन् जे दमनी हाकलली!

इकडे दिवस कलला. इंद्रभान यष्टीतून उतरला, त त्याच्या घरावर हा धूर! त्याले वाटलं घराले आग लागली. धावत आला, त दारापुढे गाव पंगतीत बसेल, पहिल्या रांगेत शंकरराव मास्तर. मायनं हात धरला, म्हने, काऊन रे, काय सांगून आला तू लोकायले? त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, 'शिस्त.' मास्तरच्या ध्यानात सारं आलं, पन मानूस पक्का. रोडगा मोडता मोडता म्हने, पंगत त शिस्तीत बसली बुवा.

आन् तेवढ्यात आली ना दमनी! किसनराव उडी मारून उतरले, इकडे पाहे, तिकडे पाहे, मांडव कोठी हाय, वाजंत्री कोठी हाय? शेवटी इंद्रभानच्या कानापाशी आले आन् दबक्या आवाजात पुसलं, "नवरी कोठी हाय?"

इंद्रभान दमनीकडे पाहतच राह्यला होता. "ते काय," म्हने, "आता उतरली."

खरंच उतरली. कोनाले काई पुसलं नाई, पदर कमरेले खोचला, सासूच्या हातातला पळा घेतला आन् पंगतीले वरन वाढाले लागली. मले सांगाले लाज नाई, माह्या डोळ्यात पानी आलं. आमची मंडळी म्हने धुरानं आलं. असन.

आता भरल्या पंगतीतून किसनराव पोरीले उठवून नेतीन का? जेवले गुपचूप. पन जाता जाता बजावलं, निकालापर्यंत ठेवतो, नापास झाले त पोरगी वापस.

आन् दुसऱ्या दिवशी गनिताचा पेपर! आता सांगा, इतक्या महिन्यायनं बायको घरी आलेली, कायचे कोन आन् कायचे चौकोन? म्हने, सहदेवभाऊ, प्रश्न वाचला की कागदावर आपली चूलच दिसे, आन् चुलीपाशी ते.

निकाल लागला. मराठीत पास! चांगला पास! म्हनजे त्यानं त्या निबंधात दोन ठिकानी 'चुलीसकट' बी लिहून टाकलं होतं, 'शिस्तीशिवाय समाज टिकत नाही, चुलीसकट', कारन मनातल्या कडूबानं बी त्याले दारात अडवून पुसलं ना! तपासनाऱ्यानं ते बी पचवलं. आन् गडी गेला कशात? ज्यात कधी गेला नव्हता त्या गनितात!

तिसऱ्या दिवशी किसनराव दारात. दमनी तयार. इंद्रभान खाली मान घालून खांबाले टेकला, आमी सारे शेजारी अंगनात. किसनराव म्हने, चाल कोकिळे. कोकिळा चुलीपाशी होती. उठली नाई. भाकरी उलटवली, आन् हळूच पन साऱ्यायले आयकू जाईन असं म्हने, "बाबा, बसा जेवाले. पन आवतन मानसाचं हाय, एकाचंच. जासान बी एकलेच."

किसनरावायनं आमच्याकडे पाह्यलं.  मंग ते बसले. जेवले. आन् एकले गेले. इंद्रभाननं त त्याच दिवशी सासऱ्याच्या पायावर हात ठेवून सांगतलं, पुढच्या साली गनित बी काढतो, बायकोच्या देखत काढतो.

काढीन हो, काढीन. पन आमचं काय? काल तिन्हीसांजेले मी दारात बसेल. आला, डोक्श्याले रुमाल, हाती काठी. उभा राह्यला, डोळे मिटले आन् म्हने, 'त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन.' आता मले मालूम हाय ना, हे गनित हाय, जेवन नाई. लेकरा-लेकराले मालूम हाय. पन आतून चुलीवर पानी शिंपडल्याचा आवाज आला, आमच्या मंडळीनं विस्तव इझवला बी होता. मंग मी तरी काय करू? मी बी पुसून घेतलं...

चुलीले का मानसाले?