ओढ्यातून आलेलं उत्तर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे अभियंतासाहेब, आमच्या सत्कारमूर्ती बाई, त्यांचे यजमान, सासूबाई आणि जमलेल्या स्नेहीजनहो,

बेडूक, सरडे आणि साप यांच्यामागे उभं आयुष्य घालवलेल्या संशोधक बाईला निवृत्तीचा निरोप कसा द्यायचा? तिच्या घरच्यांचाच सत्कार आधी व्हायला हवा! सासूबाई आजही फ्रीज उघडण्याआधी विचारतात, "सूनबाई, आत कोण आहे?"

पण मला सांगायचंय ते ओढ्याचं. डोंगरातल्या एका ओढ्यावरून रस्ता जायचा होता. तिथल्या कपारींत नखाएवढा बेडूक राहतो, तो दुसरीकडे कुठेच नाही, असं बाईंचं म्हणणं. पाहणीला समिती आली. तिच्यात हे आपले अभियंतासाहेबही होते; तेव्हा तरुण होते, डोक्यावर केसही होते. (साहेब हसतायत, म्हणजे चालेल.) ते म्हणाले, "बाई, बेडूक दाखवा, रस्ता वळवतो."

दगड उलटले, पाला चाळला. बेडूक कुठला, त्याची सावलीही दिसेना! मंडळी गाडीकडे निघाली. मी मनात म्हटलं, सगळं मुसळ केरात.

तेवढ्यात बाई ओढ्यात उकिडव्या बसल्या, नाक चिमटीत धरलं आणि ओरडल्या, "टिर्र... टिक्, टिक्!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी त्यांचा सहकारी, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, पुरे आता," मी पुटपुटलो. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा आवाज दिला. पुन्हा.

आणि कपारीतून आलं, "टिक्, टिक्!"

साहेब बुटांसकट पाण्यात उतरले, दगडाला कान लावला. "काय म्हणतोय हो हा?"

"म्हणतोय, जागा माझी आहे," बाई म्हणाल्या.

रस्ता वळला. त्यापायी साहेबांना वरिष्ठांची काय काय बोलणी खावी लागली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या पत्नीकडून कळलं.

परतताना गाडीत बाईंच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "अहो, जिंकलात की तुम्ही!" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं एकटीच हाका मारत होते. आज कुणीतरी ओ दिली."

आपण सगळे आवर्जून आलात, शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. खरं तर बाईंना मिळालेले मानसन्मान वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं, ते राहूनच गेलं. अध्यक्ष महोदय, एवढी चूक पोटात घाला. बाईंची माफी मागत नाही; त्यांना ते मानसन्मान आठवतसुद्धा नसतील.